पोच मिळते, उत्तर मिळत नाही

निवेदन द्यायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. चार-पाच जण जिल्हाधिकारी कचेरीत जातात. साहेब दौऱ्यावर असले तर निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या हातात कागद ठेवतात. एक टोक यांच्या हातात, दुसरं साहेबांच्या, तेवढ्यात फोटो निघतो. मग सगळे आवक-जावक टेबलाशी जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घेतात. ती पोच. दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीत ‘विविध मागण्यांसाठी निवेदन’ अशी दोन कॉलमी बातमी येते. मूळ कागद ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ होतो आणि बहुतेक वेळा ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे त्याच खात्याच्या टेबलावर जाऊन पडतो. गाव जागरूक असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला पुन्हा तोच अर्ज, तोच शिक्का.

तरीही हे लोक संसदेकडे किंवा विधिमंडळाकडे अर्ज करत नाहीत. करता येतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. लोकसभेत आणि राज्यसभेत याचिका समिती आहे, महाराष्ट्राच्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. मंत्री, खातं, पक्ष यांना मध्ये न घालता नागरिकाने सरळ सभागृहाला उद्देशून अर्ज करावा, सभागृहाच्या सदस्यांनी तो तपासावा, खात्याच्या सचिवाला समोर बसवून जाब विचारावा आणि अहवाल सभागृहापुढे ठेवावा, अशी ही व्यवस्था. कागदावर तिच्याइतकी लोकाभिमुख समिती दुसरी नसेल. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं नाव निदान वर्तमानपत्रात येतं. या समितीचं नाव स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकाबाहेर क्वचितच कुणी ऐकतं.

तिला जास्त अधिकार द्या, तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक करा, अशी मागणी अधूनमधून होते. ती मला पटत नाही. समितीकडे अधिकार कमी आहेत असं नाही, तिच्यावर बंधनं कमी आहेत. आलेल्या प्रत्येक अर्जाला ठरलेल्या मुदतीत, कारणांसह, सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक केलं, तर आहे त्या अधिकारांतच ती पुष्कळ काम करू शकते. तसं तिने केलेलंही आहे, पण दोन-चारदाच, आणि तेही अर्जदार बऱ्यापैकी वजनदार होता तेव्हा.

आधी थोडा जुना हिशेब. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाची आपण मराठी माणसांनी शंभर वर्षं टिंगल केली आहे. जहालांनी मवाळांना ‘भिक्षांदेही’ म्हणून हिणवलं, आणि शाळेच्या इतिहासात आपणही तेच घोकलं. पण ते अर्ज कसे तयार होत ते पाहिलं तर हसू आवरतं घ्यावं लागतं. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी यांच्या पुढाकाराने 1852 मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण तोंडावर असताना, आणि तिने पहिलं मोठं काम केलं ते ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडण्याचं. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची. तिच्या सुरुवातीच्या 95 प्रतिनिधींना सुमारे 6000 लोकांनी सह्या करून मुखत्यारपत्रं दिली होती. म्हणजे सरकारला काही लिहिण्याआधी ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या प्रश्नाचं उत्तर या लोकांनी हातात ठेवलं होतं. मतदानाचा हक्क नावालाही नसताना! 1875 मध्ये याच सभेने हिंदुस्थानला पार्लमेंटात थेट प्रतिनिधित्व द्या असा अर्ज विलायतेला पाठवला. मिळालं काही नाही. पण प्रश्न मांडणं, आकडे जमवणं, सह्या घेणं, उत्तर येईपर्यंत पाठ न सोडणं ही शिस्त त्या अर्जांतून लागली. आजच्या आपल्या निवेदनांत मागण्या दहा असतात आणि आकडा एकही नसतो.

दिल्लीत ही समिती पहिल्यांदा नेमली गेली 1924 साली, त्या वेळच्या केंद्रीय कायदेमंडळात. शंभरी उलटली तिला. लोकसभेच्या समितीत अध्यक्षांनी नेमलेले 15 खासदार असतात, राज्यसभेच्या समितीत 10. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. अर्ज कशावर करता येतो? मांडलेल्या विधेयकावर, सभागृहापुढच्या कामकाजावर, आणि सार्वजनिक हिताच्या कुठल्याही बाबीवर. ही तिसरी वाट सर्वांत रुंद, म्हणून तिच्यावर चार फाटकंही आहेत. न्यायालयाच्या कक्षेतला विषय नको, राज्याच्या विधिमंडळाचा विषय नको, स्वतंत्र ठरावाने मांडता येण्यासारखा नको, आणि कायद्यात ज्यावर उपाय उपलब्ध आहे असाही नको. पहिली दोन फाटकं समजण्यासारखी आहेत. शेवटचं फाटक मात्र लावायचं म्हटलं तर कुठल्याही अर्जावर लावता येतं. आपल्या देशात कायद्यात उपाय ‘उपलब्ध’ नसतो तो कशावर? प्रश्न तो उपाय माणसाच्या हाती लागतो का, हा असतो.

अर्जाचा नमुनाही नियमांच्या परिशिष्टात दिलेला आहे. वर सभागृहाला उद्देशून मायना, मग अर्जदाराचं नावगाव, मग थोडक्यात हकिकत, मग नेमकी मागणी, आणि शेवटी इंग्रजी अमदानीतून जसंच्या तसं आलेलं वाक्य: अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करीत राहील. भाषा आदराची, सभ्य आणि संयत हवी. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. दुसऱ्या भारतीय भाषेत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, आणि त्यावरही अर्जदाराची सही. खासदारामार्फत सादर झाला तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, नाहीतर तो महासचिवांकडे थेट पाठवता येतो. यातलं भाषांतराचं कलम मला सर्वांत खटकतं. गडचिरोलीतल्या किंवा चंदगडच्या माणसाने मराठीत अर्ज लिहायचा आणि त्याचं हिंदी-इंग्रजी करून देणारा माणूसही त्यानेच शोधायचा. लोकसभेत खासदाराला मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय सभागृह करतं. ज्याने त्या खासदाराला निवडून दिलं त्याच्या दोन पानी अर्जाचं भाषांतर सचिवालयाला जड जाऊ नये.

आता समितीच्या कामाकडे. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही माजी सैनिकांची मागणी देशभर गाजली ती जंतरमंतरवरच्या धरण्यामुळे. पण त्याच्या चार वर्षं आधी ती राज्यसभेच्या याचिका समितीपुढे अर्ज म्हणून आली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. महाराष्ट्राला ते राजभवनातल्या वेगळ्याच कारणांसाठी आठवतात, पण हे काम त्यांच्या खाती जमा करायलाच हवं. समितीचा 142 वा अहवाल डिसेंबर 2011 मध्ये आला. एका हुद्द्यावरून, तेवढीच सेवा करून, दोन माणसं वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झाली म्हणून त्यांच्या पेन्शनीत तफावत का, हा साधा प्रश्न. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे घराघरातून फौजेत माणूस गेलेला आहे, हा प्रश्न ओट्यावर बसल्या बसल्या दिसतो. बाप आणि मुलगा दोघेही हवालदार म्हणून निवृत्त, आणि बापाची पेन्शन मुलाच्या पेन्शनीपेक्षा कमी.

सरकारी खात्यांनी समितीपुढे तीन प्रकारच्या अडचणी ठेवल्या: प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक. प्रशासकीय अडचणींतली एक तर मुद्दाम वाचण्यासारखी आहे. निवृत्तांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट केली जातात, तेव्हा जुन्यांचा हिशेब करायचा कसा, असं खात्याचं म्हणणं. आपणच कागद जाळायचे आणि कागद नाहीत म्हणून हक्क नाकारायचा! तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत हे उत्तर ज्याने कधी ऐकलेलं नाही असा माणूस विरळा. फरक इतकाच की इथे ते उत्तर लेखी नोंदलं गेलं, खासदारांनी वाचलं आणि अमान्य केलं. खर्चाचा आकडा वर्षाला 1300 कोटी रुपयांचा आला, त्यातले 1065 कोटी जवान आणि कनिष्ठ हुद्द्यांसाठी. आपल्या आकाराच्या देशाला ही रक्कम फार मोठी नाही, असं समितीने म्हटलं.

पुढे काय झालं? फेब्रुवारी 2014 च्या हंगामी अर्थसंकल्पात मागणी मान्य झाल्याची घोषणा झाली. सरकार बदललं. सप्टेंबर 2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली, तेव्हा खर्च सांगितला तो वर्षाला 8 ते 10 हजार कोटी. नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला, आणि त्यात पेन्शन दर पाच वर्षांनी नव्याने ठरवण्याची तरतूद होती. समितीने मात्र पुढची प्रत्येक वाढ जुन्यांना आपोआप मिळावी असं म्हटलं होतं. माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2022 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की कोश्यारी समितीचा अहवाल मागणीची पार्श्वभूमी समजायला उपयोगी आहे, पण तो सरकारचं धोरण नव्हे.

हा निकाल ऐकून अनेकांनी हात झटकले: म्हणजे अहवालाला किंमत शून्य. मला उलटं वाटतं. न्यायालयाचं म्हणणं रास्तच आहे. दहा खासदारांची समिती देशाची तिजोरी उघडू लागली तर मंत्रिमंडळ आणि अर्थसंकल्प कशाला? पण ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ म्हणजे नेमकं काय, याची जी व्याख्या पुढे सरकारच्या पत्रव्यवहारात, आंदोलनाच्या पत्रकांत आणि शेवटी न्यायालयात वापरली गेली, ती या अहवालातली आहे. भांडणाला नेमकी चौकट मिळाली. सरकारने व्याख्येपासून फारकत घेतली तेव्हा ‘तुम्ही फारकत घेतलीत’ असं म्हणायला लेखी आधार होता. एका अर्जातून एवढं निघालं हे थोडं नाही. उणीव दिसते ती आकड्यांत. 1300 कोटी आणि 8 ते 10 हजार कोटी यांतलं अंतर नुसत्या महागाईचं नसावं. लोकलेखा समितीच्या पाठीशी नियंत्रक व महालेखापरीक्षक उभे असतात. याचिका समितीला खातं जो आकडा देईल तोच घेऊन बसावं लागतं.

दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं, आणि ते महाराष्ट्रातून निघालेलं आहे. केंद्रात मंत्री असलेले राम नाईक 2004 ची लोकसभा हरले. सभागृहाबाहेर असताना त्यांनी आणि इतरांनी राज्यसभेकडे अर्ज केला, कुष्ठरोगातून गेलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचा आणि हक्कांचा. व्यंकय्या नायडू अध्यक्ष असलेल्या समितीचा 131 वा अहवाल ऑक्टोबर 2008 मध्ये आला. बाबा आमटे त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. आनंदवनात अर्धशतकापूर्वी जे करून दाखवलं गेलं, त्याचा कायद्याच्या पुस्तकाला तोवर पत्ता नव्हता. 1898 चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा अजून पुस्तकात होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं, इतर विवाह कायद्यांतही होतं. बहुविध औषधोपचाराने हा रोग पुरता बरा होतो हे ठरून तोवर वीस-पंचवीस वर्षं झाली होती.

नेमकं त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातलं एक कलम आलं. कुष्ठरोग असलेल्याला निवडणूक लढवायला अपात्र ठरवणारं. न्यायालयाने कलम कायम ठेवलं आणि अशा तरतुदी आता ठेवायच्या का याचा विधिमंडळाने गांभीर्याने विचार करावा असं सुचवलं. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहावीत. न्यायालय कायदा घटनेत बसतो की नाही ते पाहतं. बसतो, पण जुनाट आणि निर्दय आहे, अशा कायद्याचं काय करायचं हे ठरवणं विधिमंडळाचं काम. आणि विधिमंडळाला ते आठवण करून देण्याची नागरिकाच्या हातातली वाट म्हणजे विनंती अर्ज. आपण मात्र ऊठसूट जनहित याचिकेकडे धावतो. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांपासून होर्डिंगपर्यंत सगळं जातं, कारण तिथे निदान तारीख तरी मिळते. ज्या दिवशी समितीकडे तारीख मिळेल त्या दिवशी यातली बरीच गर्दी आपोआप वळेल.

कुष्ठरोगाच्या अर्जाचं पुढे काय झालं? विधी आयोगाने 2015 च्या 256 व्या अहवालात हा विषय पुन्हा सविस्तर घेतला. 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळणारी दुरुस्ती 2019 च्या फेब्रुवारीत झाली. समितीच्या अहवालापासून मोजली तर दहा वर्षं आणि वर काही महिने. ज्या बाबतीत कुणाचाही विरोध नव्हता, एका रुपयाचा खर्च नव्हता, पाच कायद्यांतली एकेक ओळ खोडायची होती, तिथे दहा वर्षं. आणि अर्जदारांत केंद्रात मंत्री राहिलेला माणूस होता, ज्याला संसदेचं दार कुठे आहे आणि ते कसं उघडतं हे पक्कं ठाऊक होतं. आळंदीच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या माणसाने हाच अर्ज पाठवला असता तर तो कुठे पोचला असता?

समिती म्हणजे सगळं शहाणपणाचंच, असंही नाही. याच समितीने, याच अध्यक्षांच्या काळात, 2009 मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाविरुद्धच्या अर्जावर 135 वा अहवाल दिला आणि शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा सूर लावला. पत्रांचा आणि निवेदनांचा ढीग समितीकडे आला होता, आणि ढीग कुणाचा होता हे अहवालाच्या कलावरून कळतं. महाराष्ट्राने त्याआधीच, 2007 मध्ये, तो कार्यक्रम बंद केला होता. माझ्या मते तो निष्कर्ष चुकीचा होता. पौगंडावस्थेतल्या मुलांना शरीराबद्दल कुणी सांगायचंच नाही आणि नंतर बालकांवरच्या अत्याचारांबद्दल हळहळायचं, याला अर्थ नाही. पण इथे सांगायचा मुद्दा वेगळा. अर्जाची वाट संघटित माणसाला सोपी आणि एकट्याला अवघड असेल, तर समितीचा कान एका बाजूला कलणारच. चौदा वर्षांची मुलं संसदेला पत्र लिहीत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांना शोधून बोलावणं हे समितीचं काम होतं.

मग सह्या मोजाव्यात का? ब्रिटनने तसं केलं आहे. हाउस ऑफ कॉमन्सची याचिका समिती 2015 ची. संकेतस्थळावरच्या अर्जाला 10 हजार सह्या झाल्या की सरकारने उत्तर द्यायचं, 1 लाख झाल्या की चर्चेसाठी विचार करायचा. मार्च 2019 मध्ये ब्रेक्झिट रद्द करा या अर्जावर 60 लाखांहून जास्त सह्या झाल्या. सरकारने काही दिवसांत ‘करणार नाही’ असं उत्तर दिलं, 1 एप्रिलला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली, विषय संपला. एवढ्या सह्यांनी जे झालं नाही ते स्कॉटलंडमध्ये थोड्या बायकांनी केलं. स्कॉटिश पार्लमेंटकडे अर्ज करायला 1999 पासून एक सही पुरते. शस्त्रक्रियेत बसवलेल्या जाळीमुळे आयुष्यभराचं दुखणं मागे लागलेल्या स्त्रियांनी 2014 मध्ये अर्ज केला आणि समितीपुढे येऊन आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. आरोग्यमंत्री अ‍ॅलेक्स नील यांनी त्याच वर्षी जूनमध्ये रुग्णालयांना त्या शस्त्रक्रिया थांबवण्याची विनंती केली. 2022 मध्ये तर जाळी काढून घेण्यासाठी खाजगी रुग्णालयात केलेला खर्च भरून देणारा कायदा झाला.

आपल्याला सह्यांची शर्यत परवडणारी नाही. आपल्याकडे 1 लाख सह्या एखादा पक्ष दुपारच्या जेवणाआधी जमवून देईल. स्कॉटलंडचा एका सहीचा आणि समोरासमोर ऐकण्याचा मार्ग आपल्या जुन्या नियमांना जवळचा आहे, कारण आपल्याकडेही सह्यांची किमान संख्या नाही. आपल्याकडे नाही ते फक्त कुणाचा अर्ज आला, त्याचं काय झालं हे बाहेर दिसणं. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. अहवाल झाला तर तो प्रसिद्ध होतो, पण ज्यांचा अहवालच होत नाही त्या अर्जांचं काय झालं हे बाहेरच्याला कळत नाही. कुठला अर्ज कुठल्या फाटकाशी अडला, ‘कायद्यात उपाय उपलब्ध आहे’ म्हणून परत गेला की खात्याचं उत्तर ‘समाधानकारक’ मानून मिटवला, याची यादी कुठेतरी लागलेली असायला नको का?

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: अर्जांचा पूर येईल, 15 खासदार काय काय वाचणार? पूर येऊ द्यावा. एकसारखे अर्ज एकत्र बांधता येतात, वैयक्तिक बदली-बढतीचे बाजूला काढता येतात, छाननी सचिवालयाचे अधिकारी करू शकतात. खासदारांनी वाचायचे ते वेगळे अर्ज. माहितीचा अधिकार आला तेव्हाही हेच म्हटलं जात होतं. आज कुठल्याही ग्रामपंचायतीला 30 दिवसांत माहिती द्यावी लागते, नाकारायची तर कलम सांगून नाकारावी लागते, आणि अपील कुणाकडे करायचं तेही लिहावं लागतं. सेवा हक्काचा कायदा महाराष्ट्रात 2015 पासून आहे. दाखला किती दिवसांत मिळणार याची पाटी कचेरीत लागते. रहिवासाच्या दाखल्याला मुदत आहे, मग देशाच्या सर्वोच्च सभागृहाला केलेल्या अर्जाला का नसावी?

हे न्यायालयाकडून करून घ्यावं असंही काहींना वाटतं. नागरिकांना थेट संसदेत विषय मांडता यावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 2023 मध्ये न्यायालयाने ती बाब संसदेच्या अखत्यारीतली म्हणून बाजूला ठेवली. बरोबर केलं. संसदेने आपल्या दाराला कडी कशी लावावी हे न्यायालयाने सांगू नये. पण मग ते संसदेने सांगावं, आणि त्यासाठी घटनादुरुस्ती तर सोडाच, कायदाही लागत नाही. सभागृहाच्या कामकाज नियमांत चार कलमं बदलली की काम होतं.

दिल्ली लांब असेल तर सुरुवात नागपुरातून करावी. हिवाळी अधिवेशनात दरवर्षी मोर्च्यांची रांग लागते: अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धनगर, हलबा, गोवारी, कोतवाल, संगणक परिचालक. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांच्या कठड्याशी थांबतो. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री किंवा त्यांचे सचिव निवेदन घेतात, बाहेर येऊन नेते ‘सकारात्मक चर्चा झाली’ म्हणतात, आणि पुढच्या डिसेंबरात तोच मोर्चा तीच घोषणा देत त्याच कठड्याशी येतो. ज्या आवारात हे चालतं तिथेच विधानसभेची आणि विधान परिषदेची विनंती अर्ज समिती असते. मोर्च्याचं निवेदन मंत्र्याच्या स्वीय सहायकाच्या फायलीत जाण्याऐवजी समितीच्या नोंदवहीत जावं, त्याला क्रमांक मिळावा, आणि अर्थसंकल्पीय अधिवेशन संपायच्या आत त्यावर खात्याचं म्हणणं आणि समितीचं मत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत लागावं. मागणी फेटाळायची असेल तर खुशाल फेटाळावी. तिजोरीत पैसा नाही हेही कारणच आहे, आणि दहा वर्षं ‘सकारात्मक विचार चालू आहे’ ऐकण्यापेक्षा ते बरं. निदान अंगणवाडीच्या बाईंना पुढच्या डिसेंबरात रजा टाकून, पदरचं भाडं भरून नागपूरला यायचं की नाही हे ठरवता येईल.

यातलं सगळ्यात अवघड कलम मुदतीचं नाही, नाकारलेल्या अर्जांची यादी छापण्याचं आहे. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, ती यादी त्याला आवडणार नाही. विरोधकांनाही नाही, कारण तेही कधीतरी सत्तेत होते आणि त्यांच्याही काळातले अर्ज त्या यादीत सापडतील. म्हणून नियम बदलायचा तर तो नव्या विधानसभेच्या पहिल्याच वर्षात बदलायला हवा, जेव्हा नव्या सरकारच्या नावावर नाकारलेले अर्ज अजून जमलेले नसतात.